पेटीआडचा मोडेम

माझे यजमान आफ्रिकेला गेले ते कापसामुळे. जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत ते यंत्रांची देखभाल करायचे. तिकडे पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात एका गुजराती शेठनी तशीच फॅक्टरी घातली होती आणि हंगामापुरती त्यांना आपल्याकडची माहितगार माणसं हवी होती. आमच्या भागातून तिघं गेले. माझे यजमान, फैजपूरचा एक तरुण फिटर आणि चाळीसगावचा एक इलेक्ट्रिशियन. नव्वदच्या दशकाची ती अगदी शेवटची वर्षं. परदेशात फोन लावायचा तर सहज परवडायचं नाही, आणि लागला तरी बोलणं अर्धंच कळायचं. पण आमच्याकडे कॉम्प्युटर होता आणि जळगावला नुकतंच आलेलं इंटरनेटही होतं. तिकडच्या फॅक्टरीच्या ऑफिसातही होतं. "रोज संध्याकाळी चार ओळी टाकत जाईन," असं म्हणून ते गेले.

कॉम्प्युटर दोन होते. वरच्या खोलीत त्यांचा, मागच्या खोलीत माझा. मी घरी बसून टायपिंगची कामं घ्यायची. लग्नपत्रिका, प्राध्यापकांचे प्रबंध, कधी पतसंस्थेचे अहवाल. टेलिफोनची लाईन मात्र एकच, आणि ती मधल्या खोलीत. एका लाईनवर दोन्ही कॉम्प्युटर चालावेत म्हणून यजमानांनी भंगारात गेलेला एक जुना कॉम्प्युटर आणला. त्यातलं पडद्याचं कार्ड जळालेलं होतं, त्यामुळे त्याला पडदा लावता यायचा नाही, की काही दिसायचं नाही. नुसती करड्या रंगाची पेटी. मोडेम तिच्या पोटात बसवलेला. पेटी फोन लावणार, आणि आमचे दोघांचे कॉम्प्युटर वायरीने पेटीला जोडलेले, म्हणजे इंटरनेट पेटीतून आमच्याकडे येणार. भिंतीला भोक पाडून ती निळी वायर त्यांनी माझ्या खोलीत आणली तेव्हा सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

मला एवढंच ठाऊक होतं की माझ्या कॉम्प्युटरला मोडेम नाही. त्याला फक्त पेटी ओळखीची, आणि मोडेम ओळखीचा तो पेटीच्या. मी माझ्या खोलीत बसून पत्रांच्या चित्रावर टिचकी मारायची, थोड्या वेळाने मधल्या खोलीतून तो किंचाळल्यासारखा आवाज यायचा, आणि मेल उतरायचे. पासवर्ड त्यांनीच भरून ठेवले होते. मला पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या दिसायच्या. एकच पासवर्ड त्यांनी मला दिला होता, तो पेटीत शिरायचा. वीज जाणार असेल तर पेटी नीट बंद करता यावी म्हणून. चार शब्द टाईप करायचे, की ती झोपायची. "याच्यापलीकडे तिला हात लावू नकोस," असं त्यांनी जाताना बजावलं होतं.

सुरुवातीचे मेल मजेचे होते. मराठी अक्षरं तिकडे नव्हती, म्हणून ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायची. तिकडचे लोक आपल्या भाकरीच्या जागी काहीतरी जाड लापशी खातात. फैजपूरच्या पोराने केळी बघून नाक मुरडलं. गरम फार होतं. सासूबाई धुळे तालुक्यातल्या. जळगावात पस्तीस-चाळीस वर्षं काढूनही घरात अहिराणीच बोलायच्या. संध्याकाळी दिवा लावून झाला की दाराशी येऊन विचारायच्या, "आज काई उनं का?" म्हणजे आज काही आलं का. मी म्हणायची, "उनं, आई. बसा."

मग एका संध्याकाळी मेल आला तो दोनच ओळींचा होता. शहरात गडबड आहे, सैन्य रस्त्यावर आहे. आम्हाला फॅक्टरीच्या आवारातच राहायला सांगितलंय, काळजी करू नका.

हे शेवटचे तीन शब्द वाचले की काळजी सुरू होते. मी सासूबाईंना सांगितलं, "तिकडे संप आहे म्हणे." रात्री जेवताना त्यांनी रेडिओ लावायला सांगितला, आणि बातम्यांत त्या देशाचं नाव आलं. आपल्याकडच्या बातम्यांत त्या देशाचं नाव यायचं काही कारणच नव्हतं. राजधानीत गोळीबार, विमानतळ बंद. एवढंच सांगून बातम्या देणारी बाई क्रिकेटकडे वळली. सासूबाईंनी ताटावरून हात उचलला. "संप शे का हाऊ?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ज्यांनी यांना पाठवलं त्या मुंबईच्या एजंटला फोन लावला. उचलला नाही. दुपारी लावला, उचलला नाही. फॅक्टरीचा नंबर लावायला गेले तर पलीकडून इंग्रजीही नाही, दुसऱ्याच कुठल्या भाषेत टेप वाजत होती.

आणि नेमकं त्याच सुमारास आमचं इंटरनेट तुटायला लागलं.

आमच्या रस्त्यावर केबल टाकायला खणत होते. कुदळीने टेलिफोनची जुनी केबल तुटली, एक दिवस सगळ्यांचे फोन मुके झाले, मग जोडून दिली. फोन सुरू झाला. पण मोडेम लावला की किंचाळायचा, जोडला जायचा, आणि मी मेल मागेपर्यंत तुटायचा. पेटी बिचारी पुन्हा फोन लावायची. पुन्हा किंचाळणं, पुन्हा तुटणं. माझ्या पडद्यावर मेल किती उतरला ते दाखवणारी पट्टी थोडी पुढे सरकायची आणि तिथेच थांबायची. तीन मेल आहेत, एवढं एकदा कळलं. तीन मेल आहेत हे कळलं, आणि एकही उतरला नाही. ते त्यांचे असतील की दुसऱ्या कुणाचे, हे कळायला काही मार्ग नव्हता.

टेलिफोनवाल्यांकडे तक्रार केली. लाईनमन आला, खांबावर चढला, उतरला, घरात येऊन रिसीव्हर कानाला लावला. "वहिनी, टोन येतो ना? बोलणं ऐकू येतं ना? मग लाईन चांगली आहे." मी त्याला पेटी दाखवली. "ते आमच्यात येत नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

स्टेशन रोडला एक सायबर कॅफे निघाला होता. तिथे जाऊन बसले. पण मेल बघायला पासवर्ड लागतो, आणि मला ठाऊक होत्या त्या नुसत्या चांदण्या. त्यांच्या जन्मतारखेपासून सासूबाईंच्या माहेरच्या नावापर्यंत सगळं घालून बघितलं. शेजारच्या खुर्च्यांवरची कॉलेजची पोरं हसत होती, काय ते त्यांचं त्यांना माहीत. मला मात्र एकाएकी रडू कोसळलं आणि मी तशीच उठून आले. पासवर्ड ज्यांना विचारायचा, त्यांचीच तर खबर हवी होती.

घरी आले तर मधल्या खोलीत फैजपूरचे आबा बसलेले. फिटर पोराचे वडील. पांढरं धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. त्यांनीही रेडिओ ऐकला होता. मुलगा पत्रात लिहायचा की जळगावच्या दादांच्या घरी कॉम्प्युटर आहे, निरोप तिथे येतो. म्हणून पहाटेच्या एसटीने आले होते. सासूबाईंनी त्यांना चहा दिला होता, तो तसाच निवला होता.

"बाई, काही कळलं का पोरांचं?"

मी म्हटलं, "आबा, निरोप आलेला आहे, पण तो उतरत नाहीये."

त्यांना ते समजलं नाही, आणि कसं समजावं. आलेला आहे म्हणजे आलेला आहे. पोस्टमन दारात उभा आहे आणि पत्र देत नाही, असं कसं होईल? तेवढ्यात पेटीने पुन्हा फोन लावला. तो आवाज ऐकून ते दचकले. "काय झालं याला? रडतो का?" मी सांगितलं की हा असाच बोलतो. ते पेटीकडे बघत राहिले. आवाज तुटला तशी त्यांनी माझ्याकडे मान वळवली. 

त्या दिवसापासून आबा रोज यायचे. सकाळी यायचे, संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, तिला तोंड दाखवायला परत जावंच लागायचं. येताना कधी केळीचा फणा, कधी भरताची वांगी. चाळीसगावहून इलेक्ट्रिशियनच्या भावाने शेजाऱ्यांच्या फोनवरून दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. आपण तेच तेच सांगतोय हे माझं मलाच ऐकवेना.

यजमानांचे एक जुने सर धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. पेटी बांधताना ते दोघं तासन्‌तास बोलायचे एवढं मला आठवलं. त्यांचा नंबर फोनशेजारी भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला होता. घरून फोन करायची सोय नव्हती, कारण मी बोलत असतानाच पेटी मध्ये घुसायची आणि कानठळ्या बसायच्या. म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. सर घरीच सापडले. मी सगळं एका दमात सांगितलं. मेलपासून गोळीबारापर्यंत, क्रम सोडून.

 "आधी श्वास घ्या," सर म्हणाले. मग समजावून सांगायला लागले. आपण फोनवर बोलतो, तेव्हा खरखर आली तर आपण "काय?" असं विचारतो आणि पुढे बोलतो. मोडेमचं तसं नाही. तो सुरुवातीला ऐटीत, जमेल तेवढ्या वेगाने बोलायला जातो, आणि त्या जोडलेल्या केबलच्या खरखरीत त्याचे शब्द हरवतात, की तो फोन ठेवून देतो. "त्याला सांगायला हवं, बाबा रे, हळू बोल. मग त्या लाईनवरही टिकेल."

"सांगायचं कसं?"

"मोडेमशी थेट बोलावं लागेल. त्याला त्याच्या भाषेत हुकूम द्यायचे असतात."

मी घरी येऊन माझ्या कॉम्प्युटरवर सरांनी सांगितलेलं ठिकाण उघडलं. तिथे स्पष्ट लिहून आलं की मोडेम सापडला नाही. पुन्हा बूथवर. सर म्हणाले, "अहो बरोबर आहे. तुमच्या मशीनला मोडेम नाहीच. तो पेटीच्या पलीकडे आहे. तुम्हाला आधी पेटीत शिरावं लागेल आणि पेटीच्या आतून मोडेमला हाक मारावी लागेल. पेटीचा पासवर्ड आहे का?"

आहे म्हटलं. बंद करण्यापुरता आहे.

"मग सगळंच आहे," सर म्हणाले. "तोच मालकाचा पासवर्ड."

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट भीती वाटली. बंद करण्यापुरता म्हणून दिलेल्या किल्लीने आख्खं घर उघडतं हे मला माहीत नव्हतं. हात लावू नकोस, असं ते म्हणाले होते. आत काही चुकलं आणि पेटी मुळातच बोलायची बंद झाली तर? आत्ता निदान तीन मेल आहेत एवढं तरी कळत होतं. पेटी बिघडली तर दुरुस्त करणारं माणूस जळगावात दुसरं नव्हतं. मी तो दिवस तसाच घालवला. एका लग्नपत्रिकेचं काम पुरं करायचं होतं, त्यात वराचं नाव दोनदा चुकवलं. संध्याकाळच्या बातम्यांत त्या देशाचं नावच आलं नाही. ते यायचं तेव्हा भीती वाटायची, आणि नाही आलं तेव्हा जास्त वाटली.

सकाळी आबा आले. पिशवी खाली ठेवली आणि काही विचारलं नाही. रोज विचारायचे, त्या दिवशी विचारलं नाही. भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले. ते बघून मी उठले आणि मागच्या खोलीत जाऊन पेटीत शिरले.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. पासवर्ड टाकला. सरांनी सांगितलेला मोडेमशी बोलायचा प्रोग्रॅम सुरू केला, तर तो म्हणाला की जागा अडलेली आहे. मोडेमजवळ दुसरं कुणीतरी बसलेलं आहे. हे सरांनी आधीच बजावलं होतं. फोन लावणारा प्रोग्रॅम मोडेमला धरून बसतो, त्याला आधी उठवायचं. उठवण्याचा हुकूम मी हातावर लिहून आणला होता. दिला. तो उठला. मी पुन्हा मोडेमला हाक मारायला गेले, तर मधल्या खोलीतून आवाज. पेटी पुन्हा फोन लावत होती. कुणीतरी त्याला पुन्हा आणून बसवलं होतं! मी पुन्हा उठवलं, तो पुन्हा बसला.  असं वाटलं की पेटीला कळलंय, मी परकी आहे म्हणून.

पुन्हा बूथ. भर उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. सर हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. "तुमच्या यजमानांनी राखणदार ठेवलाय," ते म्हणाले. "तो उठला की हा त्याला पुन्हा बसवतो. लाईन तुटली तर तुम्हाला त्रास नको म्हणून. राखणदाराला आधी थांबवा, मग त्याला." आणि मग म्हणाले, "ते दोघं थांबले की तुमचा फोन मोकळा होईल. मग घरूनच मला लावा. पुढचं मी फोनवर सांगतो. मोडेमला नुसते हुकूम देताना लाईन लागत नाही."

घरी आले, राखणदाराला थांबवलं, मग फोन लावणाऱ्याला थांबवलं. मधली खोली शांत झाली. इतके दिवस ती सतत किंचाळत होती, आता शांत झाली तर तेही नको वाटलं. मी धुळ्याला फोन लावला. पण फोन मधल्या खोलीत आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत. रिसीव्हरची दोरी उंबऱ्यापर्यंतही पुरेना.

सासूबाई पुढे आल्या. "दे माले," त्या म्हणाल्या. रिसीव्हर कानाला लावून त्या उंबऱ्याजवळ ताणून उभ्या राहिल्या. "हाऊ मास्तर काय सांगी राहिना ते माले समजत नही. पन मी तुले सांगस. तू बठ."

मी बसले. पलीकडून सर अक्षर सांगायचे, सासूबाई ते मोठ्याने म्हणायच्या, आणि मी टाईप करायची. त्यांना इंग्रजी एबीसीडीसुद्धा येत नव्हती. पहिलं सांगितलं, "ए. टी." त्या ओरडल्या, "ए! टी!" मी एटी टाईप केलं, एंटर दाबलं.

पडद्यावर ओके उमटलं.

दोनच अक्षरं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या पेटीच्या आतून मला कुणी उत्तर दिलं होतं. मी म्हटलं, "ओके म्हणतोय!" सासूबाई फोनात ओरडल्या, "ओके म्हनी राहिना!" आबा उठून उभे राहिले. त्यांना वाटलं पोरगाच बोलला. त्यांना खाली बसवताना सासूबाईंच्या हातून रिसीव्हर सुटला, आणि सर मिनिटभर नुसतेच हॅलो हॅलो करत राहिले.

मग पुढचा हुकूम. "अधिक," "बरोबर," अशा खुणा आल्या की सासूबाई अडायच्या. सर त्यांना ती खूण समजावून सांगत असावेत, कारण त्या म्हणाल्या, "आडवी न उभी रेघ, गणितमां रहास तशी." मी टाईप केलं. पडद्यावर उत्तर आलं, चूक. माझं अक्षर चुकलं होतं की मोडेमला तो हुकूमच येत नव्हता? सरांनी दुसरा सांगितला. पुन्हा चूक. प्रत्येक कंपनीचा मोडेम थोडी वेगळी भाषा बोलतो म्हणे. तिसऱ्याला पडद्यावर ओके आलं.

"सर म्हनतस, हाई त्याले पाठ करी दे," सासूबाई म्हणाल्या. ते महत्त्वाचं होतं. नुसतं हळू बोल म्हणून उपयोग नव्हता. फोन लावणारा प्रोग्रॅम आला की आधी मोडेमला सगळं विसरायला लावतो आणि जे पाठ असेल तेवढंच त्याच्यापाशी राहतं. म्हणून हळू बोलणं त्याच्याकडून पाठ करून घ्यायचं. तो शेवटचा हुकूम दिला. ओके.

फोन ठेवला. राखणदाराला पुन्हा सुरू केलं. पेटीने फोन लावला, मोडेम किंचाळला. या वेळी आवाज वेगळा होता, जाडा, सावकाश, मध्येच थांबणारा. मग शांत. मी मनात मोजायला लागले, मग मोजणं सोडून दिलं. तुटला नाही.

मेल मागितले. एक ते तीन. पहिला उतरायला लागला आणि पट्टी सरकेचना. वीज नेमकी आत्ता जाईल, केबल नेमकी आत्ता पुन्हा तुटेल, असं मनात येत राहिलं. अर्धा तास तरी गेला असेल. सासूबाई माझ्या पाठीशी उभ्या, आबा दाराच्या चौकटीला धरून. तो पहिला मेल उतरला, तर भुसावळच्या एका गिऱ्हाइकाने मुलीच्या पत्रिकेवर छापायला पाठवलेला गणपती होता. केवढा तरी मोठा, रंगीत. त्या एका चित्रामागे बाकीचे मेल अडकून पडले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा गणपतीवर चिडले.

दुसरा मेल यजमानांचा होता. तिसराही त्यांचाच. दुसरा मी मनातल्या मनात भरभर वाचला. आम्ही ठीक, फॅक्टरीतच, पाण्याचे हाल आहेत. तिसरा मात्र मोठा होता. सासूबाई म्हणाल्या, "मोठाइन वाच." मी वाचायला लागले. शेठच्या ट्रकमधून आम्हाला शेजारच्या देशाच्या सरहद्दीकडे हलवत आहेत. दोन दिवसांचा रस्ता. तिथे आपले भारतीय व्यापारी आहेत, ते पुढची सोय करतील. यापुढे मेल टाकता येणार नाही, फोन करायचा प्रयत्न करीन. आम्ही तिघंही एकत्र आहोत.

आणि तिथे मी थांबले. पुढची ओळ अशी होती, फैजपूरच्या पोराला पायाला गोळी चाटून गेली आहे, हाड शाबूत आहे, पट्टी केली आहे, आबांना आत्ताच सांगू नकोस.

"थांबली कशाला?" आबा म्हणाले. "वाच ना बाई."

मी पडद्याकडे बघत राहिले. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही कळलं होतं की पुढे काहीतरी आहे. खोटं वाचावं असं मनात आलं. नुसतं "सगळे ठीक" असं म्हणून पुढे जाणं अवघड नव्हतं. पण हा माणूस रोज एसटीने येऊन त्या पेटीसमोर बसला होता. त्याचा निरोप मी अर्धा कसा देणार?

मी वाचलं. "आबांना सांगू नकोस" हेही वाचलं.

आबांनी चौकट सोडली आणि खाली उकिडवे बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. "पाय आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे, आबा. हाड शाबूत आहे असं लिहिलंय."

"पुन्हा वाच तेवढं."

मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "माझा पोरगा लहानपणीही झाडावरून पडायचा, घरी सांगायचा नाही. तुमच्या मालकांनी लिहिलं ते बरं केलं." मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "अक्का, आता चहा द्या."

मी चाळीसगावला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला. मग नवीन चिंता उभी राहिली. यजमान आता फोन करतील म्हणाले होते. पेटी इंटरनेटला लागलेली असेल तर बाहेरच्याला आमचा फोन लागायचा नाही, नुसता एंगेज मिळेल. सरहद्दीवरून कुठल्या तरी दुकानातून ते एकदा फोन लावतील, आणि एंगेज मिळाला की मागच्या माणसाला रिसीव्हर देतील. पण पेटी बंद ठेवली आणि त्यांनी कुणाकडून तरी मेल पाठवला तर? मी पेटीत शिरून राखणदाराला थांबवायची, तासाभराने पुन्हा सुरू करायची, मेल बघायची, पुन्हा थांबवायची. आता ते हुकूम मला पाठ झाले होते. फोन मोकळा असताना मेल हुकेल असं वाटायचं आणि मेल बघताना फोन हुकेल असं वाटायचं. आंघोळीला गेले तरी कान मधल्या खोलीकडे. आबा आता एक दिवसाआड यायला लागले, बायकोची तब्येत आणखी बिघडली म्हणून. न येणाऱ्या दिवशी त्यांच्या गावातल्या दुकानातून फोन करायचे, आणि त्यांचा फोन आला की मला ते चटकन ठेवतील तर बरं असं वाटायचं, कारण तेवढ्यात यजमानांचा यायचा असला तर?

यजमानांचा फोन आला तो एका दुपारी. मी पोळ्या लाटत होते. सासूबाईंनी उचलला. आधी त्यांना काही ऐकू येईना, त्या "कोन? कोन शे?" असं ओरडत राहिल्या. मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे धरला. तोंडाला पदर लावून त्या भिंतीकडे वळल्या.

"मुंबईत आहे," यजमान म्हणाले. "विमानतळावर. तिघंही आहोत."

 मी म्हटलं, "जेवलात का?"

रात्रीच्या गाडीने निघून ते सकाळी उतरले; चाळीसगावचा इलेक्ट्रिशियन वाटेत त्याच्या गावीच उतरला होता. आम्ही स्टेशनवर गेलो, आबाही पहाटेच येऊन फलाटावर थांबले होते. यजमान पार वाळले होते, दाढी वाढलेली, अंगातला शर्ट कुणा दुसऱ्याचा. फैजपूरचा पोरगा काठी टेकत उतरला. आबांनी त्याच्याकडे बघितलं, मग खाली वाकून त्याच्या पँटचा पाय वर केला आणि ती पट्टी बघितली. भर फलाटावर, येणारेजाणारे वळसा घालून जात होते. पोरगा लाजून म्हणाला, "आबा, उठा ना." आबा उठले, त्याची पिशवी घेतली आणि एसटी स्टँडच्या रिक्षाकडे चालायला लागले. पोरगा त्यांच्यामागे.

यजमान त्या ट्रकच्या प्रवासाबद्दल फारसं बोलले नाहीत. वर्षभराने, कधी जेवताना, कधी वीज गेलेली असताना, एखादी गोष्ट सांगायचे आणि मध्येच थांबायचे. रस्त्यात कुणी अडवलं, कुणी सोडलं, कुणाला सोडलं नाही. सासूबाईंना त्यांनी ते कधीच सांगितलं नाही. त्याही विचारायच्या नाहीत. पुन्हा आफ्रिकेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी शेठला नाही म्हणून कळवलं आणि धुळ्याकडच्या एका जिनिंगमध्ये काम धरलं. रोज एसटीने जायचे-यायचे. एसटीला उशीर झाला की सासूबाई ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहायच्या, मीही राहायची, आणि ते कोपऱ्यावर दिसले की आम्ही दोघी आत जायचो, आपण वाट बघत होतो हे त्यांना कळू नये म्हणून.